त्वचागुणक

आमच्या केंद्रात मनगटी पट्टे आले ते २०३८च्या ऑगस्टमध्ये, आणि त्यांच्या बाजूनं सगळ्यांत आधी हात वर केला तो सुगंधाताईनं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे चौकशीत कुणीतरी म्हणालं की तिचा यंत्रांवर पहिल्यापासूनच राग होता. नव्हता. तिचा राग माणसांवर होता, आणि तो रास्त होता.

मी उत्पला गजभिये. नागपूरच्या दक्षिणेला, बुटीबोरीच्या पुढे, एका खासगी वीजवाहिनी कंपनीचं नियंत्रण केंद्र आहे. पूर्व विदर्भातली वीज कुठून कुठे जाईल ते तिथे ठरतं. विजेचं गणित सोपं आहे आणि निर्दयही. ज्या क्षणी जेवढी लागते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. तोल थोडा ढळला की तारांमधल्या प्रवाहाची वारंवारता पन्नासच्या खाली घसरायला लागते, आणि फार घसरली तर जनित्रं स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद पडतात. मग जिल्हेच्या जिल्हे अंधारात. म्हणून एका मोठ्या दालनात बारा माणसं पडद्यांसमोर बसतात आणि त्यांच्या मागे एका उंच मेजावर पाळीप्रमुख. शेवटचा शब्द त्याचा. केंद्र सुरू होऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि त्या मेजावर एकदाही बाई बसलेली नव्हती.

बसायला हवी होती ती सुगंधा कुमरे. ती कुरखेड्याकडची, गोंड समाजातली, आश्रमशाळेत शिकून अभियंता झालेली. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मी मापन विभागातून नियंत्रण दालनात आले तेव्हा मेजावरचं काम मला तिनं शिकवलं. २०३४च्या वादळात तिनं अकरा रुग्णालयांची वीज एक क्षणही जाऊ दिली नव्हती. त्या दिवशी मी तिच्या शेजारी होते. गडबड जितकी वाढे तितकी ती सावकाश बोले.

तिच्या तीन मुलाखती झाल्या होत्या. पहिल्या वेळी शेरा आला, “कामात उत्तम, पण छाप कमी पडते.” दुसऱ्या वेळी, “आवाज खालचा आहे.” तिसऱ्या वेळी, “ऐनवेळी डगमगण्याची शक्यता.” माझी एकच मुलाखत झाली होती. आमचे केंद्रप्रमुख देशकर सर नंतर मला बाजूला घेऊन अगदी आपुलकीनं म्हणाले होते, “मॅडम, हुशारी आहेच तुमच्यात. थोडं प्रेझेंटेबल राहिलं पाहिजे बघा.” मी रोज इस्त्रीचे कपडे घालून जात होते. त्यांना कपड्यांबद्दल बोलायचं नव्हतं हे मला कळलं. मी आठवीत असताना आत्यानं गोरं होण्याच्या क्रीमची ट्यूब भेट दिली होती, तेव्हापासून मला ही भाषा कळते.

म्हणून पट्ट्याची बातमी आली तेव्हा आम्हा दोघींना बरं वाटलं. मनगटावर बांधायचा तो पट्टा माणूस ताणाखाली किती शांत राहतो ते मोजायचा. त्याच्या आकड्याला स्थिरांक म्हणायचे, शून्य ते शंभर. यापुढे पाळीप्रमुख निवडताना मुलाखत नाही, स्थिरांक आणि कामाची नोंद, एवढंच बघायचं, असं ठरलं. सभेत विरोध झाला तो ज्येष्ठ पुरुषांकडून. सुगंधाताई उठून म्हणाली, “येऊ द्या न यंत्र. यंत्राला आडनाव वाचता येत नाही आणि चेहरा दिसत नाही.”

सगळे हसले. मीही.

पहिल्या महिन्याचे आकडे आले. देशकर सर चौऱ्याऐंशी. बहुतेक जण सत्तरच्या पुढे. मी अठ्ठावन्न. सुगंधाताई एकोणपन्नास.

माझं मूळ काम मोजण्याच्या यंत्रांचं. एखादा आकडा पटला नाही की मी आधी यंत्राकडे बघते, मग माणसाकडे. एके दुपारी मापन प्रयोगशाळेत बसून मी माझा पट्टा संगणकाला जोडला आणि आतला कच्चा संकेत पडद्यावर आणला.

पट्टा काम कसं करायचा ते सांगते. त्याच्या खालच्या बाजूला एक हिरवा दिवा असतो. तो कातडीवर उजेड टाकतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताची लाट येते, रक्त हिरवा उजेड शोषून घेतं, आणि परत येणारा उजेड तेवढ्यापुरता कमी होतो. त्या चढउतारावरून पट्टा दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतो. शांत माणसाचं हे अंतर श्वासाबरोबर एका लयीत कमीजास्त होत असतं, संथ पाण्यावरच्या लाटेसारखं. घाबरलेल्या माणसात ती लय मोडते. लय किती शाबूत आहे, तोच स्थिरांक.

पण हिरवा उजेड नुसतं रक्त शोषत नाही. कातडीला रंग देणारं द्रव्यही शोषतं. कातडी जितकी काळी तितका परत येणारा उजेड कमी. मग पट्टा तो क्षीण संकेत मोठा करतो, आणि त्याबरोबर त्यातली खरखरही मोठी होते. खरखरीमुळे ठोक्याची जागा पुढेमागे सरकते, लय मोडल्यासारखी दिसते, आणि यंत्र म्हणतं, हा माणूस घाबरलेला आहे.

तपासायला दोन मिनिटं पुरली. तळहाताची कातडी सगळ्यांचीच फिकट असते. मी पट्टा काढून त्याचा दिवा तळहातावर दाबून धरला. त्याच खुर्चीत, त्याच श्वासात अठ्ठावन्नाचे एक्क्याऐंशी झाले.

मी माहितीपुस्तिका काढली. त्यात सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. प्रत्येक माणसाच्या कातडीप्रमाणे ‘त्वचागुणक’ नावाचा एक आकडा बसवायचा. एका माणसाला वीस मिनिटं लागतात. आमच्याकडे तीनशे ऐंशी पट्टे वाटले होते, अर्ध्या दिवसात. सगळ्यांचा गुणक कारखान्यातून आला तसाच होता, एक. गोऱ्या कातडीसाठीचा.

यंत्राला चेहरा दिसत नव्हता. त्याला फक्त रंग दिसत होता.

त्याच वेळी उठून देशकरांच्या खोलीत जायला हवं होतं. मी गेले नाही. मी स्वतःला सांगितलं, आधी खात्री करू, एका पट्ट्यावर प्रयोग करू. मापन विभागाचा परवलीचा शब्द माझ्याकडे होता. वीस मिनिटं मोजमापं घेऊन मी माझ्या पट्ट्याचा गुणक बसवला. दोन पूर्णांक चार. आठवड्याभरात माझा स्थिरांक एकोणऐंशीवर गेला. प्रयोग यशस्वी झाला. अहवाल लिहायला घेतला, पहिलं पान लिहूनही झालं.

त्या आठवड्यात देशकर सरांनी मला बोलावलं.

“बसा गजभिये मॅडम. एक जागा निघते आहे, पाळीप्रमुखाची. तुमचा आकडा फार सुंदर चढलाय. मी वर कळवलंय. मला खरं सांगू? आनंद झाला. कारण आता कुणी म्हणू शकणार नाही की कोट्यातून दिलं. यंत्रानं निवडलंय तुम्हाला.”

त्या वाक्यातला अपमान मला ऐकू आला. तरी मी हसून म्हणाले, “थँक यू, सर.”

अहवाल दिला असता तर पहिला प्रश्न आला असता, तुमचा आकडा कसा चढला? मग माझी निवड थांबली असती, सगळ्यांचे गुणक बसवले असते, आणि तसे बसवल्यावर सुगंधाताईचा आकडा माझ्या पुढे गेला असता याबद्दल मला शंका नव्हती. जागा एकच होती. मी मनाशी म्हटलं, आधी त्या मेजावर बसू. एकदा बसले की तिथून सगळ्यांसाठी बदल करता येईल. हे मी इतक्या वेळा म्हटलं की मला ते खरंच वाटायला लागलं.

नोव्हेंबरात माझी नेमणूक झाली. कंपनीनं माझं मोठं छायाचित्र प्रवेशदालनात लावलं, ‘पहिली महिला पाळीप्रमुख’. छायाचित्रात मी माझ्यापेक्षा दोन छटा उजळ होते. सुगंधाताई त्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“ही कोण बाई आहे गं?” तिनं मला विचारलं, आणि मग मला घट्ट मिठी मारली. “जाऊ दे. खुर्चीत तर तूच बसशील न. मला फार बरं वाटलं, उत्पला. खरंच.”

पवनीला आईला फोन केला. ती चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ती म्हणाली, “बाबासाहेबांच्या फोटोसमोर आज दिवा लावते.” मी लवकर फोन ठेवला.

डिसेंबरात एकदा जेवणाच्या सुटीत सुगंधाताई माझ्याकडे आली. तिचा आकडा सेहेचाळीसवर आला होता. तिच्या हातात चहाचा पेला नव्हता, हे मला आधी दिसलं. दिवसाला सहा वेळा चहा पिणारी बाई ती.

“सोडला,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, चहानं धडधड वाढते. पहाटे प्राणायाम करून राहिली मी. मन शांत राहायच्या गोळ्याही सुरू केल्या, रोज एक. तरी आकडा काही वर येत नाही बघ.” ती माझ्यासमोर बसली. “तुला एक विचारू? मला आतापर्यंत वाटायचं मी घाबरत नाही. पण माणसाला स्वतःचं काय कळतं? त्या मुलाखतीवाल्यांनी लिहिलं होतं, ऐनवेळी डगमगेल. मी त्यांना शिव्या घातल्या. आता यंत्रही तेच म्हणते. ते खरंच असंल का गं? मी आतून घाबरट असंन आणि मलाच माहीत नसंल?”

मी म्हणाले, “असं काही नसतं, ताई.”

“मग काऊन येतो असा आकडा?” तिनं मनगटावरचा पट्टा सोडून माझ्यासमोर ठेवला. “तू मापनातली आहेस. तुझ्यावर माझा भरवसा आहे. बघ न, यात काही बिघाड आहे का.”

मी तो पट्टा दोन दिवस ठेवून घेतला. खोटं बोलायचं असतं तर तेव्हाच ‘दोष नाही’ म्हणून परत दिला असता. पण माझ्या मनात तिचा गुणक बसवायचं होतं. प्रयोगशाळेत पट्टा जोडला. आकडा भरण्याची चौकट उघडली. तीनशे ऐंशीमधल्या एका पट्ट्याचा गुणक बदललेला असेल तर तो नजरेतून सुटेल, दोन असतील तर कुणाला तरी दिसेल, आणि ते दोन्ही पट्टे दोन मैत्रिणींचे असतील तर विचारायलाच नको. मी चौकट बंद केली.

तिसऱ्या दिवशी मीच तिच्या मनगटाला पट्टा बांधला. म्हणाले, “ठीक आहे गं. काही दोष नाही.”

“मग मीच,” ती म्हणाली. तिनं माझ्या खांद्यावर थोपटलं, जणू धीर मला हवा होता.

ज्यांचा आकडा तीन महिने पन्नासच्या खाली, त्यांना नियंत्रण मेजावर ठेवायचं नाही, असा नियम मार्चमध्ये आला. आमच्या केंद्रात अशी नऊ माणसं निघाली. पाच बाया आणि लाइनमनच्या कामावरून बढतीनं आलेले चार पुरुष. नऊही जण काळे. यादी हातात घेऊन त्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आणले असते तर कुणालाही कळलं असतं, पण यादीत फक्त आकडे होते. माझ्या पाळीतल्या बदल्यांवर सही माझी लागत होती. सुगंधाताईची बदली तळमजल्यावरच्या नोंदणी कक्षात झाली, जुने अहवाल लावायला. तिच्या नावापुढे मी सही केली. सही सुवाच्य आली. हे मला का आठवतं कोण जाणे.

मग मे महिना आला. ११ तारखेला दुपारी पारा सत्तेचाळीसवर होता आणि नागपुरातलं प्रत्येक थंड हवेचं यंत्र चालू होतं. चारच्या सुमाराला वर्ध्याच्या बाजूनं धुळीचं वादळ उठलं. त्या भागात आमचे मोठे सौर प्रकल्प आहेत. धुळीनं सूर्य झाकला आणि आठ मिनिटांत तिथली वीज नाहीशी झाली. वारंवारता एकोणपन्नास पूर्णांक सहा. मग चार. संगणकानं कुठले भाग तोडायचे त्याची यादी पुढे केली, पण त्या यादीत दोन रुग्णालयं होती, म्हणून तो माझ्या होकारासाठी थांबला.

मी यादीकडे बघत बसले. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. छातीतले ठोके मात्र एका लयीत पडत होते. माझ्या पट्ट्यावर हिरवा ठिपका होता. पडद्याच्या कोपऱ्यात पाळीप्रमुखाचा स्थिरांक दिसायचा. ब्याऐंशी. पट्ट्याला कसलीही दुरुस्ती करा, तो मनगट मोजतो. त्या मेजावर बसायला जे लागतं ते त्याला मोजताच येत नव्हतं.

पुढे बसलेल्या एकीनं मागे वळून विचारलं, “मॅडम, काय करू? मॅडम?”

मी अंतर्गत फोन उचलला आणि नोंदणी कक्ष लावला.

“ताई, वर्धा गेलं. एकोणपन्नास तीन. यादीत रुग्णालयं आहेत.”

मलाच का फोन केलास, हे तिनं विचारलं नाही. “यादी सोड,” ती सावकाश म्हणाली. “साठ्याच्या बॅटऱ्या अर्ध्याच उघड, पूर्ण नको. वादळ पुढे सरकंल तेव्हा उमरेड जाईल, तेव्हा लागतील. आता बुटीबोरीचे मोठे कारखाने तोड, तीन आणि सात नंबर. त्यांच्याशी करार आहे, ते ओरडणार नाहीत. तोडलं?”

“तोडलं.”

“किती झालं?”

“एकोणपन्नास पाच.”

“श्वास घे. आता कोराडीच्या वीजकेंद्राला सांग, चाळीस मेगावॅट वाढव. एकेक करू. घाई नाही.”

बावीस मिनिटं ती माझ्याशी बोलत होती. एकही रुग्णालय अंधारात गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देशकर सरांनी सगळ्यांना दालनात गोळा केलं. मोठ्या पडद्यावर त्यांनी माझा आलेख दाखवला. “हे बघा. संकट ऐन भरात असताना पाळीप्रमुखांचा स्थिरांक ब्याऐंशी. याला म्हणतात नेतृत्व.” टाळ्या झाल्या. मग ते थोडे हसून म्हणाले, “आणि गंमत बघा, त्याच वेळी खाली नोंदणी कक्षात एक पट्टा एक्केचाळीसवर जाऊन धोक्याचा इशारा देत होता. नाव सांगत नाही. पण वेळेवर बदली केली म्हणून बरं.”

सुगंधाताई शेवटच्या रांगेत उभी होती. तिनं खाली बघितलं. ती लाजली होती. ज्या बावीस मिनिटांत तिनं अर्धा विदर्भ सावरला, त्या मिनिटांची तिला लाज वाटत होती, आणि ती लाज माझ्या हातून तिच्यात गेली होती. मी तिथेच बोलायला हवं होतं. तेव्हाही मी बोलले नाही.

रविवारी सकाळी तिच्या घरी गेले. तिनं दार उघडलं, मला बसवलं, माझ्यासाठी चहा केला आणि स्वतः गरम पाण्याचा पेला घेऊन समोर बसली. मी पेला खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. तळहात, गुणक, माझा पट्टा, तिचा पट्टा. सांगताना माझा आवाज खणखणीत येत होता, याचाही मला राग आला.

तिनं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. मग तिनं विचारलं, “कधीपासून माहीत होतं तुला?”

“सप्टेंबरपासून.”

“म्हणजे मी पट्टा दिला तेव्हा?”

“हो.”

“बांधलास न तूच.” ती मनगटाकडे बघत म्हणाली. “मी तुला विचारलं होतं, मी घाबरट आहे का.”

मी रडायला लागले.

“रडू नको,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. “तू रडलीस की मला तुला समजवावं लागते. माझ्यात आज तेवढं नाही.” ती उठली, कपाटातून गोळ्यांची पाकिटं आणून टेबलावर ठेवली. “पाच महिने खाल्ल्या. सकाळी उठवत नव्हतं. नवरा म्हणे, तुला काहीतरी झालं आहे. देशकरांनी केलं असतं तर मी समजू शकते. त्यांना मी दिसतच नाही. तुला तर मी दिसत होती न, उत्पला?”

मी म्हणाले, “मला माफ कर.”

“त्याचं नंतर बघू. बाकीचे आठ जण आहेत. त्यांना माहीत आहे का?”

“नाही.”

“मग इथं काय करून राहिली तू?”

ती स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला, साखरेचा डबा उघडल्याचा आवाज आला. ती स्वतःसाठी चहा करत होती. मी निघाले तेव्हा ती बाहेर आली नाही.

सोमवारी सकाळी मी देशकर सरांना लेखी अहवाल दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं ते चिडतील. ते शांतपणे म्हणाले, “दोष तुम्ही शोधलात. हे तर कौतुकाचं आहे. तारखा गाळू आपण. असं म्हणू की गेल्या आठवड्यात, वादळानंतर तुमच्या लक्षात आलं. एका महिला अधिकाऱ्यानं यंत्रातला भेदभाव उघड केला. कंपनीचंही नाव होईल.”

कबूल करते, एका क्षणापुरतं मला ते हवंसं वाटलं.

“तारखा गाळायच्या नाहीत, सर,” मी म्हणाले.

मग त्यांचा चेहरा बदलला. दुपारच्या सभेत त्यांनी वेगळीच गोष्ट सांगितली. एका कर्मचाऱ्यानं आपल्या पट्ट्यात फेरफार केला, त्याची चौकशी होईल, बाकी यंत्रणा उत्तम आहे. म्हणजे माझ्या खोटेपणामागे यंत्राचा खोटेपणा लपत होता. मी उठून बोलायला लागले, तर मागून कुणीतरी म्हणालं, “तुम्ही कशाला बोलता आता? तुम्हीच फसवलंय.” आणि ते खरं होतं. माझ्या शब्दाला वजन उरलं नव्हतं. मी उभीच राहिले. फेरफार कधी केला, का केला, कुणाचा पट्टा परत दिला, कुठल्या बदलीवर सही केली, सगळं तारखांसकट सांगितलं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. माझ्या समाजातली दोन पोरं होती दालनात, नुकतीच लागलेली. तीही बघत नव्हती.

मी बसले. तेव्हा सुगंधाताई पुढे आली. तिनं मोठ्या पडद्यावर आपला पट्टा जोडायला सांगितला. त्रेचाळीस. मग तिनं पट्टा सोडला आणि दिवा तळहातावर दाबला. पडद्यावरचा आकडा हळूहळू चढत गेला. साठ. बहात्तर. अठ्ठ्याऐंशीवर तो थांबला. त्या केंद्रात तेवढा आकडा कुणाचाच कधी आला नव्हता, देशकरांचाही नाही.

“आता बाकीच्या आठ जणांनी या,” ती म्हणाली. “एकेक करून.”

ते एकेक करून आले. चौथ्या माणसानंतर देशकर सर उठून बाहेर गेले.

पट्टे जूनमध्ये काढून घेतले. नऊही जण नियंत्रण दालनात परतले. नोव्हेंबरात पाळीप्रमुखाची निवड झाली ती बंद खोलीतल्या सरावपरीक्षेवर. परीक्षकांना नाव, आवाज, चेहरा, काहीच कळणार नाही अशी. सुगंधाताई पहिली आली, आणि दुसऱ्यात आणि तिच्यात फार अंतर होतं. तिनं आपलं छायाचित्र प्रवेशदालनात लावू दिलं नाही. माझी पायरी उतरवून मला मीटर तपासणी विभागात पाठवलं. नोकरी गेली नाही. चौकशी समितीनं लिहिलं की यंत्राच्या दोषाचा मलाही फटका बसला होता, हे विचारात घ्यावं. ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आणि त्या कुमरे बाईंना?”

गेल्या आठवड्यात सुगंधाताई आमच्या विभागात आली. मी तिला सहा महिन्यांनी इतक्या जवळून बघत होते. तिच्या हातात चहाचा पेला होता. कानाजवळचे केस थोडे पांढरे झाले होते, आणि सगळे जण तिच्याकडे बघून उठून उभे राहिले. ती थेट माझ्याच मेजाशी आली. मला वाटलं, आता ती ‘काय करून राहिली तू’ म्हणेल. काहीही म्हणाली असती तरी चाललं असतं. शिवी दिली असती तर मी घरी जाऊन झोपू शकले असते.

तिनं माझ्यासमोर एक मीटर ठेवला.

“गजभिये मॅडम,” ती म्हणाली, “उमरेडच्या उपकेंद्राचा आहे. आकडा जरा शंकास्पद वाटतो. सवड असेल तेव्हा तुम्ही तपासून द्याल का?”

“देते, मॅडम,” मी म्हणाले.

“थँक यू,” ती म्हणाली, आणि आपल्या दालनाकडे निघून गेली.